ऐकलेल्या गोष्टीवर हक्क कोणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या वकीलसाहेबांकडे फी न देता येणारी माणसं पुष्कळ होती. पण त्यांच्या ओसरीवर बसून कोण काय बोलून गेलं, हे त्यांच्या घरच्यांनासुद्धा कळत नसे. म्हणून आजचा विषय मी जाणूनबुजून निवडला आहे: मोफत कायदेशीर मदत घ्यायला आलेल्या माणसाची गुप्तता, आणि ती माहिती इतरांना द्यायची वेळ आली तर कधी, कशी आणि कोणाच्या परवानगीने द्यायची. बोलताना मी काही उदाहरणं देईन. त्यांतली गावं, नाती आणि वयं मी बदलली आहेत. या विषयावर बोलताना तेवढं पथ्य पाळलंच पाहिजे.

तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समितीची खोली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून बाक. टेबलावर नोंदवही उघडी असते. तिच्यात रकाने असतात: नाव, गाव, मोबाइल, कामाचा प्रकार, सही किंवा अंगठा. समजा, एक बाई सकाळी येऊन जाते आणि तिच्या नावापुढे ‘नवरा मारहाण करतो, पोटगी’ असं लिहिलं जातं. दुपारी शेजारच्या वाडीतला माणूस सातबाऱ्याच्या कामासाठी येतो आणि सही करायला वाकतो. वरच्या ओळी त्याच्या डोळ्यांसमोरच असतात. संध्याकाळी तो एसटीने गावी परततो. पुढे काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

अशाच एका ठिकाणी घडलेली गोष्ट. सासरी राहण्याचा हक्क मिळावा म्हणून एक बाई आली. तिचा अर्ज लिहून घेणारी स्वयंसेविका तिच्या माहेरच्या गावची, मनाने अतिशय चांगली. तिला वाटलं, आईच्या जिवाला घोर नको. म्हणून बाजारात आई भेटली तेव्हा ती म्हणाली, “मावशी, तुमची लेक आली होती आमच्याकडे. काळजी करू नका, होईल सगळं नीट.” आईने भावाला सांगितलं. भाऊ रागाच्या भरात सासरी जाऊन भिडला. त्या रात्री तिचं काय झालं, हे तिने नंतर कोणालाच सांगितलं नाही, कारण ती परत आलीच नाही. दोन तारखा गेल्या, अर्ज निकाली निघाला, फाइल बंद झाली. कोणीही वाईट हेतूने काही केलं नव्हतं. एका दयाळू वाक्याने एका बाईचा कोर्टाचा दरवाजा बंद झाला.

मदतीच्या कामात गुप्तता मोडते ती बहुतेक वेळा अशीच, आपुलकीतून. म्हणून तिची शिस्त कडक लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकिलाने उघड करू नये, हे तत्त्व आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ ते १२९ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि हीच तत्त्वं आता कलम १३२ ते १३४ मध्ये आहेत. पक्षकाराची स्पष्ट संमती असल्याशिवाय वकिलाने त्याचं बोलणं, त्याची कागदपत्रं किंवा त्याला दिलेला सल्ला उघड करायचा नाही. काम संपलं, वकीलपत्र काढून घेतलं, तरी हे बंधन संपत नाही. अपवाद दोनच: बेकायदा हेतू साधण्यासाठी सल्ला घेतला असेल तर, आणि काम हाती घेतल्यानंतर गुन्हा किंवा लबाडी घडल्याचं वकिलाच्या लक्षात आलं असेल तर. बार कौन्सिलच्या आचारनियमांतही हे बंधन स्वतंत्रपणे घातलेलं आहे.

गेल्या काही काळात या तत्त्वाला नव्याने बळ मिळालं. तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स काढून पक्षकारांची माहिती मागू लागल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. कलम १३२ च्या अपवादात बसत असल्याशिवाय वकिलाला असं समन्स काढता येणार नाही. काढायचंच असेल तर अपवाद कोणता ते त्यात लिहावं लागेल आणि पोलीस अधीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती लागेल. या निकालातला आपल्या दृष्टीने मोलाचा मुद्दा हा की हे संरक्षण पक्षकारासाठी आहे. वकील ते पक्षकाराच्या वतीने सांभाळतो.

पण याच कायद्यात एक जागा मोकळी राहिली आहे. कलम १३२ वकिलाला लागू होतं; त्याचा दुभाषा, कारकून आणि कर्मचारी यांनाही लागू होतं. विधी स्वयंसेवकाचं नाव त्यात नाही. आणि खेड्यात मोफत कायदेशीर मदतीचा पहिला माणूस तर तोच असतो. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष, कायद्याचा विद्यार्थी. तो त्याच गावात राहतो, त्याच लग्नांना जातो, त्याच नळावर पाणी भरतो. वकिलाला कायद्याने तोंड बंद ठेवायला लावलं आहे; स्वयंसेवकाकडून आपण तीच अपेक्षा ठेवतो, पण त्याच्या पाठीशी तेवढं भक्कम कलम नाही. म्हणून ती कमतरता प्रशिक्षणाने, लेखी प्रतिज्ञेने आणि कार्यालयाच्या रोजच्या वळणाने भरून काढावी लागेल. स्वयंसेवकाला नेमताना सर्वांत आधी हे शिकवलं पाहिजे. अर्ज कसा भरायचा हे त्यानंतर.

मोफत मदत म्हणजे दुय्यम मदत, अशी समजूत अजूनही आहे. पण ती चुकीची आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानात मोफत कायदेशीर मदतीचं अनुच्छेद ३९ क आलं. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला वकील देणं हे सरकारचं कर्तव्य मानलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, बालकाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मदत मिळते. हा हक्क आहे, उपकार नाही. आणि हक्क आहे म्हणूनच फी देणाऱ्या पक्षकाराला जी गुप्तता मिळते, तीच आणि तेवढीच फी न देणाऱ्यालाही मिळायला हवी.

याबाबतीत आपल्याच मुंबईतला एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. मग सत्य कसं शोधायचं? न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात पाठवलं आणि सांगितलं, या स्त्रियांशी बोलताना तिथे दुसरं कोणीही हजर असता कामा नये. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात स्त्रियांच्या कोठडीपासून अटकेनंतर विधी सहाय्य समितीला तात्काळ कळवण्यापर्यंत अनेक निर्देश आले, आणि त्यांची चर्चाही खूप झाली. मला मात्र ती छोटी अट जास्त मोलाची वाटते. पहारेकरी शेजारी उभा असताना कोणतीही बाई खरं बोलणार नाही, हे न्यायालयाने ओळखलं होतं. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नियमही, जे नेल्सन मंडेला नियम म्हणून ओळखले जातात, हेच सांगतात: कैदी आणि वकील यांची भेट पहारेकऱ्याला दिसली तर चालेल, ऐकू येता कामा नये.

हीच कसोटी आपल्या तालुक्याच्या खोलीला लावा. बाईबरोबर सासू आली आहे, दीर आला आहे. ‘आम्ही घरचेच आहोत, बोला आमच्यासमोर’ असं ते म्हणतात. स्वयंसेविकेला तोंड उघडणं अवघड जातं. तिला एक वाक्य पाठ करून द्या: “आमच्याकडे पहिली दहा मिनिटं प्रत्येकाशी एकट्याने बोलायची पद्धत आहे.” पद्धत म्हटली की भांडण होत नाही. कोणावर संशय घेतला असंही वाटत नाही. आणि त्या दहा मिनिटांत जे कळतं, ते घरच्यांसमोरच्या तासाभरात कळणार नाही.

आता गरिबांकडे वळते. गरीब माणसाला प्रत्येक खिडकीवर आपली कहाणी सांगावी लागते. रेशनसाठी, निराधार योजनेसाठी, घरकुलासाठी, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी. विधवा आहे का, नवऱ्याने टाकलं आहे का, किती वर्षं झाली, दाखला कुठे आहे. रांगेत उभ्या लोकांसमोर मोठ्याने विचारलं जातं आणि मोठ्याने उत्तर द्यावं लागतं. पैसेवाल्या माणसाच्या घटस्फोटाची गोष्ट वकिलाच्या बंद केबिनमध्ये राहते. गरीब बाईची गोष्ट कोर्टाच्या व्हरांड्यात होते. खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. तो निकाल बंद केबिनपुरता नाही, व्हरांड्यासाठीही आहे. गरिबाला आपल्या मदतीची किंमत आपली अब्रू उघडी करून द्यावी लागू नये, अशी निदान एक खिडकी असायला हवी. ती विधी सेवेची असावी, हे माझं म्हणणं आहे.

मात्र माहिती दडवून ठेवणं म्हणजे गुप्तता राखणं, असंही कोणी समजू नये. माहिती योग्य हाती गेली नाही तर तेवढंच नुकसान होतं. मार खाल्लेली बाई पोलिसांना सांगते, मग दवाखान्यात, मग संरक्षण अधिकाऱ्याला, मग वकिलाला, मग न्यायाधीशांना. दर वेळी पहिल्यापासून, दर वेळी तेच घाव. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्याच आवारात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं. पोलीस, डॉक्टर, समाजकार्यकर्ते आणि वकील यांची साखळी जुळली तर बाईच्या पायपिटीचे दिवस वाचतात, हे या कामांनी दाखवून दिलं. म्हणजे माहिती पुढे गेलीच पाहिजे. प्रश्न असा की ती कोणाच्या सांगण्यावरून जाते.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने याचं उत्तर फार चांगलं दिलं आहे. सेवा देणाऱ्या संस्थेने घटनेचा अहवाल नोंदवून दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे पाठवायचा, पण कधी? पीडित स्त्रीची तशी इच्छा असेल तर. याच कायद्याखालच्या २००६ च्या नियमांतही म्हटलं आहे की तिची इच्छा असेल तर ती कोणत्या निवारागृहात आहे हे निवारागृहाने कोणाला सांगायचं नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तर नाहीच. पुन्हा पुन्हा एकच अट: तिची इच्छा.

मग ती इच्छा विचारायची कशी? आज बहुतेक छापील अर्जांवर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते, आवश्यक त्या यंत्रणांना माहिती देण्यास हरकत नाही अशा अर्थाची, आणि तिच्याखाली अंगठा. ही संमती मी मानत नाही. संमती अशी विचारायची: “ताई, हा अहवाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवला तर त्या तुमच्या घरी येऊ शकतील. कोर्टाची नोटीस नवऱ्याच्या हातात पडेल. त्या दिवशी तुम्ही कुठे असाल? आज पाठवू, की आधी तुमची राहायची सोय लावू?” एवढं बोलायला पाच मिनिटं लागतात. पण तिला कळतं की कागद कुठे जाणार आहे, तिथे काय होणार आहे, आणि ती नाही म्हणू शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कायदेशीर दाव्यांच्या कामाला काही सवलती दिल्या आहेत. तरी संमती स्वखुशीने, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून आणि बिनशर्त दिलेली असावी, ही त्यातली व्याख्या आपण आपल्या खोलीच्या भिंतीवर लावावी अशीच आहे.

आणि संमती मिळाली तरी सगळं सांगायचं नसतं. गरजेपुरतंच सांगायचं. याचा उत्तम नमुना सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या खटल्यात घालून दिला. मध्यस्थी यशस्वी झाली तर मध्यस्थाने फक्त तडजोडीचा कागद कोर्टात पाठवायचा. फसली तर ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढं एकच वाक्य लिहायचं. कोण काय म्हणालं, कोण अडून बसलं, यातलं एक अक्षरही नाही. आपल्या विधी सेवा कार्यालयांनी हेच वळण लावून घ्यावं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे नालसाच्या, २०१० च्या नियमांप्रमाणे पॅनेलवरच्या वकिलाच्या कामावर देखरेख समिती लक्ष ठेवते. ते योग्यच आहे. वकील तारखेला हजर राहतो की नाही हे कोणीतरी पाहिलंच पाहिजे. पण समितीला तारीख, टप्पा आणि निकाल कळला की पुरे. पक्षकाराने वकिलाला एकट्याने काय सांगितलं, ते प्रगतीच्या अहवालात लिहायचं कारण नाही.

काही ठिकाणी गप्प बसण्याची मुभा नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेल्या कोणत्याही व्यक्तीला तो पोलिसांना कळवावा लागतो. न कळवल्यास शिक्षा आहे. स्वयंसेवक, शिक्षिका, परिचारिका, सगळे यात आले. म्हणून अठराखालची मुलगी समोर बसली की ती बोलायला लागण्याच्या आधीच तिला सांगायचं: “तू सांगशील ते मी गावात कोणाला सांगणार नाही. पण तुला कोणी त्रास दिला असेल, तर तो थांबवण्यासाठी मला पोलिसांना कळवावं लागेल. तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन.” हे आधी सांगितलं तर तिच्या विश्वासाला तडा जात नाही. नंतर सांगितलं तर तिच्या लेखी तो दगाच ठरतो. आणि कळवणं म्हणजे गाजावाजा करणं नव्हे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना खबर देताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यातही कोर्टाला खरं नाव झाकून टोपणनावाने खटला चालवता येतो. कर्तव्य पाळून ओळख जपता येते. त्यासाठी ते मनावर घ्यावं लागतं.

लहान तालुक्यात आणखी एक पेच असतो. बायको समितीकडे आली, तिला वकील मिळाला. पुढच्या आठवड्यात नवराही आला. त्याचं उत्पन्न मर्यादेत बसतं, त्यालाही हक्क आहे. एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी एकमेकांवर बोट दाखवतात, आणि दोघांनाही मोफत वकील हवा असतो. वकील वेगवेगळे दिले जातात, पण फायली एकाच कपाटात, आणि कारकून एकच. अशा वेळी कपाट वेगळं, किल्ली वेगळी, आणि एका बाजूची फाइल हाताळणाऱ्याने दुसऱ्या बाजूच्या फाइलला हात लावायचा नाही, एवढा साधा नियम लेखी असला पाहिजे. एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहू नये, हे बार कौन्सिलच्या नियमांत आहेच. कार्यालयानेही तोच धर्म पाळावा.

शेवटी मोबाइलबद्दल. अर्जावर बाई जो नंबर देते, तो पुष्कळदा घरातल्या एकाच फोनचा असतो. तारखेचा मेसेज नवऱ्याच्या हातात पडतो. म्हणून नंबर लिहून घेताना आणखी एक प्रश्न विचारायचा: “हा फोन कोण उचलतं, आणि कोणत्या वेळी केला तर चालेल?” दुसरं, शिबिरांचे आणि लोकअदालतीचे फोटो. अहवालाला फोटो लागतात म्हणून धनादेश हातात घेतलेली बाई कॅमेऱ्यासमोर उभी केली जाते आणि तिचं छायाचित्र तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरतं. लैंगिक अत्याचारपीडित स्त्रीची ओळख छापणं हा गुन्हा आहे. २०१८ च्या निपुण सक्सेना निकालाने त्याची व्याप्ती स्पष्ट केली. पण पोटगी मिळालेल्या बाईलाही आपला चेहरा आपल्याकडे ठेवायचा हक्क आहे. फोटो व्यासपीठाचा काढा, फलकाचा काढा, पाठमोरी गर्दी काढा.

मंडळी, मी ज्या गोष्टी मागते आहे त्यांना मोठा निधी लागत नाही. नोंदवहीत कामाचा प्रकार न लिहिता फक्त क्रमांक लिहा. तपशील बंद फाइलमध्ये ठेवा. प्रत्येकाशी पहिली दहा मिनिटं एकट्याने बोला. स्वयंसेवकाकडून गुप्ततेची लेखी प्रतिज्ञा घ्या आणि त्याच्याच गावचं प्रकरण शक्यतो त्याच्याकडे देऊ नका. माहिती पुढे पाठवण्याआधी कुठे जाणार ते सांगून विचारा, आणि पाठवताना कमीत कमी पाठवा. कायद्याने जिथे बोलायला लावलं आहे, ते पहिल्या भेटीतच सांगा. या पाच गोष्टी येत्या ९ नोव्हेंबरला, विधी सेवा दिनी, जिल्ह्यातल्या प्रत्येक समितीने ठराव करून लागू कराव्यात, अशी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे.

आपल्याकडे येणारा माणूस पैसे आणत नाही, पण आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट आणतो. ती आपण ऐकली म्हणून आपली होत नाही. तिचं काय करायचं हे ठरवायचा हक्क ज्याची गोष्ट त्याचा. कायद्यावर त्याचा विश्वास बसायचा असेल, तर आधी त्याच्या या हक्काचा मान आपण राखला पाहिजे, आणि तो राखण्यासाठी वकीलसाहेबांच्या स्मृतिदिनासारखा दुसरा मुहूर्त नाही.